प्रवारणेचा मंच : नवोदित कलावंत आणि ऐकणारा समाज

काही वर्षांपूर्वीच्या आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील एक प्रसंग या लेखाच्या मुळाशी आहे. सुरूच्या बनातून वारा येत होता, पडदा सारखा फडफडत होता आणि ध्वनिक्षेपक क्षणभर बंद पडला की समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येत होती. इयत्ता आठवीतील एक विद्यार्थिनी भीमगीत गाण्यासाठी उभी राहिली. वसतिगृहातील सरावात तिचे गाणे एकदाही अडले नव्हते. येथे मात्र दुसऱ्या कडव्याच्या आरंभीच शब्द हरवले. पेटी वाजत राहिली, ढोलकी थांबली. पुढच्या खुर्च्यांवरील पाहुणे संकोचून खाली पाहू लागले. मुलगी पडद्याआड जाण्यासाठी वळणार, इतक्यात अगदी मागून, पालकांसाठी अंथरलेल्या सतरंजीवरून, एका वृद्ध मातेने ती ओळ धरली. आवाज थकलेला होता, सूरही जरा उतरलेला होता. पण शब्द अचूक होते. शेजारच्या दोघींनी तिला साथ दिली. मुलीने ती ओळ उचलली आणि गाणे शेवटपर्यंत गेले.

टाळ्या पुष्कळ पडल्या. परंतु आम्ही शिक्षक त्या रात्री बराच वेळ बोलत बसलो ते टाळ्यांविषयी नव्हे, तर मागून आलेल्या त्या ओळीविषयी. आपण गातो ते गाणे आपल्या एकटीचे नाही, ते आपल्या आधीही कोणी तरी जपले आहे आणि आपण अडलो तर ते पुढे नेणारे लोक समोर बसलेले आहेत, ही जाणीव त्या मुलीला एका क्षणात झाली. ही गोष्ट सरावाच्या खोलीत शिकविता येत नाही.

नवोदित कलावंताला समाजासमोर सादरीकरणाची संधी का हवी, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः तीन शब्दांत दिले जाते : धीटपणा, प्रसिद्धी, प्रोत्साहन. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. धीटपणा वक्तृत्वस्पर्धेनेही येतो आणि प्रसिद्धी आता मोबाइलवरूनही मिळते. आमचे म्हणणे असे आहे की, मंचाचे खरे मोल मंचावर नसून मंचासमोर आहे. आपल्याला ओळखणारे, पुन्हा पुन्हा ऐकायला येणारे आणि आपुलकीने खरे सांगणारे श्रोते लाभले तरच कलावंत घडतो. म्हणून हा लेख आम्ही मुलांसाठी लिहिलेला नाही. तो माजी विद्यार्थ्यांसाठी, पालकांसाठी आणि समाजबांधवांसाठी आहे.

वंगीसाला मिळालेली अनुज्ञा

आरंभ आपल्याच परंपरेपासून करू. संयुत्त निकायात वंगीस नावाच्या भिक्खूचा स्वतंत्र विभाग आहे. तथागतांनी ज्या शिष्यांना निरनिराळ्या गुणांत अग्रगण्य म्हटले, त्यांत उत्स्फूर्त प्रतिभेच्या बाबतीत वंगीसाचे नाव येते. तो कवी होता आणि त्याच्या बहुतेक रचना एकांतात वाचण्यासाठी नव्हत्या. त्या भिक्खुसंघासमोर उभे राहून म्हटलेल्या आहेत.

त्यांतील एक प्रसंग प्रवारणेच्या दिवसाचा आहे. वर्षावास संपला की भिक्खू एकत्र येतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो : माझ्या वागण्यात काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगावे. हीच प्रवारणा. श्रावस्तीच्या पूर्वारामात पाचशे भिक्खूंसह तथागत बसले होते. सर्वप्रथम त्यांनी स्वतःच संघाला विचारले की, माझ्या आचरणात किंवा वाणीत काही निंदनीय दिसते का? नंतर सारिपुत्ताने स्वतःविषयी तोच प्रश्न केला, आणि मग सर्व भिक्खूंविषयी. हे झाल्यावर वंगीस आसनावरून उठला, त्याने चीवर एका खांद्यावर घेतले, हात जोडले आणि आपल्याला काही स्फुरत असल्याचे निवेदन केले. तथागतांनी त्याला ते मांडण्याची अनुज्ञा दिली. मग त्याने संघासमोर गाथा म्हटल्या.

या प्रसंगाचा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. ज्या सभेत कविता म्हटली गेली, त्याच सभेत काही क्षणांपूर्वी प्रत्येकाने आपले दोष विचारले होते. म्हणजे ती सभा केवळ कौतुकासाठी जमलेली नव्हती. तेथे सत्य ऐकण्याची आणि सांगण्याची तयारी आधीच झालेली होती. अशा सभेत कवीने परवानगी मागावी आणि ज्येष्ठांनी ती मोकळ्या मनाने द्यावी, हे नवोदित कलावंताच्या सादरीकरणाचे आदर्श चित्र आहे.

याच वंगीसाविषयी आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. आपल्या प्रतिभेमुळे तो इतर सुशील भिक्खूंना कमी लेखू लागला होता. हा दोष त्याच्या लक्षात आला आणि त्याने स्वतःलाच उपदेश केला. मंचामुळे अहंकार येतो म्हणून मुलांना मंचापासून दूर ठेवावे, असे म्हणणाऱ्या पालकांसाठी हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. अहंकार वंगीसालाही झाला. पण त्याला सभेतून काढून टाकण्याची गरज पडली नाही. प्रवारणा करणाऱ्या संघात राहिल्यानेच तो दोष पाहण्याची दृष्टी त्याला लाभली, असे आम्हांस वाटते.

ऐकावे कसे?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. अष्टशीलांत नृत्य, गीत, वादन आणि तमाशे पाहणे यांपासून अलिप्त राहण्याचे शील आहे. मग धम्माच्या संस्थेत गाण्याबजावण्याला स्थान का, असा प्रश्न काही ज्येष्ठ उपासक आम्हांस विचारतात. याचे उत्तर असे की, हे शील उपोसथाच्या दिवशी अष्टशील ग्रहण करणाऱ्यासाठी आणि प्रव्रजितांसाठी आहे. गृहस्थाच्या पंचशीलात ते नाही. उपोसथाच्या दिवशी आम्हीही गायन-नृत्याचे कार्यक्रम ठेवीत नाही. परंतु कलेविषयी तथागतांना केवळ तिटकारा होता, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा वाजवीत तथागतांजवळ गातो. त्याच्या गीतात बुद्ध, धम्म आणि अर्हंत यांचे उल्लेख आहेत, पण मुळात ते त्याच्या प्रेयसीवरचे गीत आहे. गाणे संपल्यावर तथागत त्याला सांगतात की, तुझ्या तारांचा स्वर तुझ्या गीताच्या स्वराशी आणि गीताचा स्वर तारांशी नीट जुळतो. कोणताही दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही. त्यानंतर ते विचारतात : हे गीत तू कधी रचलेस?

ऐकणाऱ्याने कलावंताशी कसे बोलावे, याचा हा पाठच आहे. तथागतांनी केवळ 'छान' म्हटले नाही. नेमके काय चांगले झाले ते सांगितले, आणि नंतर रचनेविषयी प्रश्न विचारला. आपल्या मुलांना आपण काय सांगतो, हे एकदा आठवून पाहावे. 'मस्त झाले', 'एक नंबर', किंवा त्याउलट 'आवाजच नाही निघाला तुझा'. यांतून मुलाला पुढच्या वेळी काय करावे ते कळत नाही. 'दुसऱ्या कडव्यात तुझा श्वास पुरला नाही, पण शब्द स्पष्ट होते', असे एखाद्या पालकाने सांगितले, तर त्या मुलाच्या हाती काही तरी लागते.

सोण भिक्खूला दिलेला वीणेचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे : तारा अति ताणल्या तरी वीणा वाजत नाही, अति सैल सोडल्या तरी वाजत नाही. तो दृष्टान्त साधनेविषयी आहे. पण श्रोत्यांनाही तो लागू पडतो. केवळ कठोर टीका मुलाला मंचावरून उतरविते, आणि केवळ स्तुती त्याला आहे तेथेच थांबविते.

जलशाने घडविलेली माणसे

अशा जाणत्या श्रोत्यांनी काय घडू शकते, हे पाहण्यासाठी फार मागे जावयास नको. विसाव्या शतकात आपल्याच समाजाने त्याचा दाखला दिला आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात प्रबोधनाचा आशय भरला होता. बाबासाहेबांच्या चळवळीत त्याच वाटेने आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी हे या जलशांचे अग्रणी होत. पुढे कर्डकांनी या जलशांच्या स्वरूपावर आणि कार्यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. जलशाचा एक प्रयोग आपल्या अनेक सभांच्या तोलाचा आहे, असा गौरव बाबासाहेबांनी केल्याचे चळवळीत आजही आदराने सांगितले जाते.

या जलशांतील बहुसंख्य कलावंत मजूर, गिरणी कामगार, गावकामगार होते. त्यांना कोणत्याही संगीत विद्यालयाने शिकविले नव्हते. वस्तीतील मोकळी जागा, कंदिलाचा किंवा गॅसबत्तीचा उजेड आणि दिवसभर राबून आलेले श्रोते, हीच त्यांची शाळा. श्रोत्यांना विषय ठाऊक होता, कारण तो त्यांच्या जगण्याचाच होता. खोटा शब्द तेथे खपत नसे.

वामनदादा कर्डक यांचे उदाहरण तर आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावे. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. तरुणपणी ते मुंबईत कष्टाची कामे करीत होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कोणी तरी पत्र वाचून दाखविण्यास सांगितले आणि ते वाचता न आल्याचे दुःख त्यांच्या जिव्हारी लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्यानंतर ते अक्षरे शिकले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ते गावोगाव हिंडले, वस्तीत मुक्काम केला, लोकांच्या घरचे जेवले आणि लोकांसमोर गायले. १९९३ साली वर्धा येथे पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. पत्र वाचता न येणारा तरुण साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचला, त्याच्या मागे प्रतिभा आणि कष्ट तर होतेच. पण गावोगावचे ते श्रोतेही होते. त्यांनी त्याला एकदा ऐकून सोडून दिले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले.

शाळा-महाविद्यालयांच्या मंचाने काय साधते, याचे उदाहरण औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाने घालून दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली हे महाविद्यालय सुरू केले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले. १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी अफाट जनसमुदायासमोर त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे अभ्यासक या नाटकाचा उल्लेख आरंभीच करतात. याच महाविद्यालयाच्या वातावरणात घडलेले डॉ. गंगाधर पानतावणे यांनी पुढे 'अस्मितादर्श' नियतकालिक चालविले. त्याच्या मेळाव्यांतून अनेक नव्या लेखक-कवींना आपले पहिले श्रोते लाभले. वसतिगृहात राहणारी, पहिल्या पिढीने शिकणारी मुले आणि त्यांना ऐकून घेणारा समाज एकत्र आला म्हणजे काय निर्माण होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

कोकणची रीत आणि तिच्यातील उणीव

आता आपल्या परिसराकडे वळू. नमन-खेळे आणि जाखडी या कोकणच्या लोककलांत नवख्याला घडविण्याची पक्की रीत आहे. शिमग्यातील नमनात लहान मुलगा प्रथम कडेला उभा राहून टाळ धरतो. मग मागच्या मुलांत गातो, नंतर एखादे सोंग त्याच्या वाट्याला येते, आणि काही वर्षांनी गवळणीत किंवा वगात त्याला बोलायला मिळते. जाखडीत पायात चाळ बांधून फेर धरणारा पोरगा पुढे शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात बुवाच्या मागे गाणारा होतो, आणि त्याच्यात कस असेल तर एक दिवस स्वतः बुवा होतो. मुंबईचे चाकरमानी रजा काढून याच सादरीकरणांसाठी गावी येतात आणि परळ-गिरगावच्या नाट्यगृहांतही या कलांचे प्रयोग लावतात. नवख्याची चूक त्यांच्या लगेच ध्यानी येते, कारण तेही कधी काळी त्याच फेरात नाचलेले असतात. जाणता श्रोता म्हणतात तो हाच.

पण या रीतीत एक मोठी उणीव होती, तीही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गावाचा मंच सर्वांचा नव्हता. जातीमुळे आपल्या लोकांना ढोल-सनई वाजविण्याचे काम मिळे, पण मानाची जागा मिळत नसे. स्त्रियांना तर कोणत्याच जातीत मंच नव्हता. नमनातील गवळणीही पुरुषच होत. बायांची प्रतिभा जात्यावर अडकून राहिली. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही मोठ्या संख्येने आहेत. त्या ओव्या रचणाऱ्या स्त्रियांना पहाटेच्या अंधारात ऐकणारे कोण होते? जात्याच्या दुसऱ्या बाजूची सून, किंवा शेजारीण. एवढी निर्मिती आणि एवढाच श्रोतृवर्ग!

थेरीगाथा हा स्त्रियांच्या काव्याचा जगातील अत्यंत प्राचीन संग्रह होय. तो टिकला, याचे एक कारण असे की, त्या थेरींच्या मागे त्यांचे शब्द ऐकून, पाठ करून, पुढच्या पिढीला देणारा संघ होता. जात्यावरच्या बाईच्या मागे असा संघ नव्हता. प्रतिभा दोन्हीकडे होती. फरक ऐकणाऱ्यांचा होता.

म्हणूनच बौद्धवाड्यांतून उभे राहिलेले आपले मंच मोलाचे आहेत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालणारी वर्षावासाची प्रवचनमालिका, वैशाख पौर्णिमा, १४ एप्रिलची जयंती, ६ डिसेंबरचे अभिवादन, ७ फेब्रुवारीची माता रमाईंची जयंती, या सर्व प्रसंगी गावोगावच्या विहारांत लहान मुले वंदना म्हणतात, भाषण करतात, गातात. रमाईंचे वणंद आपल्याच दापोली तालुक्यातले, आणि बालपणीचा काही काळ बाबासाहेबांनीही दापोलीत काढलेला. त्यांच्या काळात येथील आपल्या मुलांना स्वतःचा असा मंच नव्हता. आज तो प्रत्येक वाडीत आहे. प्रश्न एवढाच की, त्याचे आपण काय करीत आहोत?

दार उघडणारा आणि दार मिटणारा समाज

समाज एकत्र जमतो तेव्हा तो बळ देतो, हे खरे. पण तो बळ काढूनही घेऊ शकतो. मुरुडच्या मातीत याचा इतिहास आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावात गेले. गावाच्या हितासाठी त्यांनी १८८६ साली 'मुरुड फंड' उभारला. त्याच कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांनी पुढे १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, १९५८ साली ते भारतरत्न झाले. आज मुरुडची ओळख करून देताना त्यांचे नाव प्रथम घेतले जाते.

कर्वे कलावंत नव्हते; तरी हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. नवे काही करू पाहणाऱ्याला गाव दोन प्रकारे उत्तर देऊ शकते. कर्व्यांना गावाबाहेर पुणे होते, म्हणून ते थांबले नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीला असे पुणे नसते. 'मुलीच्या जातीने किती दिवस गाणार', 'जयंतीत नाचून कोणाचे पोट भरले आहे', अशी दोन वाक्ये घरी किंवा विहाराच्या पायरीवर ऐकली, की ती गप्प होते. कोणी तिच्यावर बहिष्कार टाकीत नाही, ठराव करीत नाही. आणि तरीही दार मिटते.

आमच्या काही माजी विद्यार्थ्यांना आम्ही विचारले की, तुमचे गाणे का सुटले? कोणी नोकरीचे कारण सांगितले, कोणी संसाराचे. उत्तम ढोलकी वाजविणारा आमचा एक विद्यार्थी आज मुंबईत नोकरी करतो. तो म्हणाला, "सर, ढोलकी माळ्यावर आहे. दहावीनंतर कोणी वाजव म्हणालंच नाही." या वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. त्याच्यावर कोणी अन्याय केला नव्हता. त्याला कोणी नाही म्हटले नव्हते. कोणी 'वाजव' म्हटले नाही, एवढेच.

आमचा दोष

दोष दाखविण्याची विनंती करणे ही प्रवारणा असेल, तर आमचा एक दोष आम्हीच प्रथम सांगतो. एका संमेलनात प्रमुख पाहुण्यांची भाषणे, सत्कार, शाली आणि पुष्पगुच्छ यांत पूर्वनियोजित वेळेपेक्षा पुष्कळ वेळ गेला. रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करणे कायद्याने आवश्यक असते. शेवटचे तीन कार्यक्रम रद्द करावे लागले. त्यांत इयत्ता पाचवीच्या मुलांची एक नाटिका होती. पडद्यामागे गेलो तेव्हा ती मुले तोंडाला रंग लावलेल्या अवस्थेत एकमेकांच्या अंगावर रेलून झोपी गेली होती. दीड महिना त्यांनी तयारी केली होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही ती नाटिका वर्गांसमोर करून घेतली. पण त्यांचे आईवडील पहाटेच्या एस.टी.ने परतले होते. त्या पालकांची आम्ही येथे क्षमा मागतो. त्या वर्षापासून सत्कार आणि भाषणे यांसाठी मिळून अर्धा तास, असा नियम आम्ही केला आहे.

आता तितक्याच आपुलकीने समाजालाही काही सांगावेसे वाटते. जयंतीची वर्गणी वाढली आहे. पण तिचा मोठा भाग भाड्याच्या आवाजावर आणि बाहेरून आणलेल्या वाद्यवृंदावर खर्च होतो. वस्तीतील मुलांचे कार्यक्रम दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकले जातात आणि रात्रीचा मुख्य वेळ पाहुण्या कलावंतांना मिळतो. नामवंतांना बोलावू नये, असे आमचे म्हणणे नाही. त्यांना ऐकूनच मुले शिकतात. परंतु ज्या मंचावर आपली मुले कधीच मुख्य वेळी उभी राहत नाहीत, तो मंच आपला असूनही आपला राहत नाही. पूर्वीच्या गायन पार्ट्या वस्तीतल्या वस्तीत तयार झाल्या : एक गायक, दोन-तीन साथीचे गळे, पेटी, ढोलकी आणि बुलबुल. त्यांची जागा ध्वनिमुद्रित गाण्यांच्या भिंतींनी घेतली, तर पुढचा वामनदादा कोठे उभा राहील?

मोबाइलने मंचाची उणीव भरून निघते, असेही काहींना वाटते. दूरवरच्या हजारो लोकांपर्यंत गाणे जाते, हा लाभ लहान नाही. पण तेथील श्रोता क्षणात पुढे सरकतो. गाणारी मुलगी अडली, तर मागून ओळ धरणारी आजी तेथे नसते.

आपण काय करावे?

या विवेचनातून काही साध्या सूचना निघतात. त्यांना पैसा फार लागत नाही; लागते ती सवय.

पहिली गोष्ट, शेवटपर्यंत बसावे. आपल्या पाल्याचा कार्यक्रम झाला की उठून जाणे ही आपली जुनी खोड आहे. शेवटी येणाऱ्या मुलालाही श्रोते हवेत.

दुसरी गोष्ट, प्रत्येक सादरीकरणानंतर त्या मुलाला दोन नेमकी वाक्ये सांगावीत : एक जमलेल्या गोष्टीविषयी, एक सुधारण्याजोग्या गोष्टीविषयी. आणि पंचशिखाला विचारला गेला तसा एक प्रश्न विचारावा : हे तू कसे बसविलेस? या प्रश्नाने मूल स्वतःच्या कामाचा विचार करू लागते.

तिसरी गोष्ट, वर्षातून एका सादरीकरणाने कलावंत घडत नाही. आपापल्या वाडीच्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत, उपोसथाचे दिवस सोडून, एखादी संध्याकाळ नवोदितांसाठी राखून ठेवता येईल. पाऊस असतो, शेतीची कामे उरकत आलेली असतात, लोक जमलेलेच असतात. त्याच मुलाला तेच श्रोते तीन-चार वेळा ऐकतील, तेव्हाच त्यांना त्याची प्रगती दिसेल.

चौथी गोष्ट, दहावीनंतर मुलींना मंचावरून उतरवू नये. घरातून होकार मिळावा यासाठी विहार समितीतील ज्येष्ठ स्त्रियांनी पुढाकार घ्यावा. मुलीला घरी पोहोचविण्याची जबाबदारी कार्यक्रमाच्या आयोजकांनी उचलली, तर अर्ध्या अडचणी तेथेच सुटतात.

पाचवी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. आपण संमेलनाला पाहुणे म्हणून येता, शाल स्वीकारता, त्याचा आम्हांस आनंदच आहे. यापुढे आपण संमेलनाच्या आठवडाभर आधी यावे, असा आमचा आग्रह आहे. दोन दिवस मुक्काम करावा, मुलांचा सराव पाहावा, पेटीचा भाता दुरुस्त करून द्यावा, नाटिकेतील एखादे वाक्य बदलून द्यावे. आणि आपली ढोलकी माळ्यावर असेल, तर ती सोबत आणावी.

आरंभी सांगितलेली ती विद्यार्थिनी आज परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहे. ती व्यावसायिक गायिका झाली नाही, होईल असेही नाही. पण तिच्या वाडीतल्या विहारात वैशाख पौर्णिमेला लहान मुलांचे गाणे ती बसविते, असे तिच्या आईने आम्हांस सांगितले. कार्यक्रमाच्या वेळी ती मंचावर येत नाही. मागच्या बाजूस, सतरंजीवर बसते. मुलांना शब्द आठवले नाहीत, तर असावे कोणी तरी, म्हणून.

येत्या स्नेहसंमेलनात आम्ही खुर्च्या थोड्या कमी आणि सतरंज्या थोड्या जास्त अंथरणार आहोत. आपण सर्वांनी यावे आणि शेवटच्या मुलाचे गाणे संपेपर्यंत थांबावे, ही नम्र विनंती.